घरातला कार्बन सिलेंडरमध्ये मोजला तर?

निंबोणी (नाशिक)

रविवारी सकाळी आमच्याकडे देवघरातल्या दिव्यावरून वाजलं. तेलाचा दिवा नाही, तो लाल झिरोचा बल्ब असतो ना, तो. लेक नववीत आहे, शाळेतून पर्यावरणाचा प्रोजेक्ट आलाय, तिने जाहीर केलं की हा चोवीस तास जळतो तो बंद करा. सासूबाई म्हणाल्या झिरोचा आहे गं तो, झिरोला कसली आलीये वीज. नवरा म्हणाला त्यापेक्षा तू गीझर चालू करून अर्धा तास मोबाईल बघत बसतेस ते आधी बंद कर. पुढचं सांगत नाही, तुमच्याही घरी तेच होतं.

मग कशातून किती कार्बन हवेत जातो ते मोजायला मी कागद-पेन घेऊन बसले. अडचण अशी की अमुक किलो कार्बन म्हटलं की डोळ्यासमोर काहीच येत नाही. किलोभर हवा म्हणजे किती? म्हणून मी सिलेंडर हे माप धरलं. आपल्या घरगुती सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, तो जळला की किलोमागे साधारण ३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो (हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो म्हणून वजन वाढतं, मला लेकीने समजावलं), म्हणजे एक सिलेंडर = ४२ किलो. आपल्याकडच्या विजेच्या एका युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास, म्हणजे ६० युनिट = १ सिलेंडर. पेट्रोल लिटरला २.३ किलो, म्हणजे १८ लिटर = १ सिलेंडर. इतकं सोपं निघालं की मलाच मजा वाटली.

आमचं वर्षाचं, माणसं चार: खरे सिलेंडर ८. वीज सरासरी महिना १८० युनिट, म्हणजे ३६. स्कूटर महिना १२ लिटर, म्हणजे ८. गाडी महिना ३० लिटर, म्हणजे २०. एकूण ७२ सिलेंडर.

आता प्रश्न. यातलं खरंच कमी होण्यासारखं काय आहे? तुम्ही स्वतः करून पाहिलेलं सांगा. स्टीलचा स्ट्रॉ आणि कापडी पिशवी घेऊन फोटो टाकणाऱ्यांनी दोन मिनिटं थांबा, मला आधी मोठे उंदीर पकडायचेत.

उगाच_एक

७२ सिलेंडर घरात ठेवायला परवाना लागतो हो ताई. दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

कोकणी_काजू

वाचतोय. मस्त धागा.

निवृत्त_सबस्टेशन

लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. चौतीस वर्षं विजेच्या खात्यात काढली, त्यातली दहा तरी लोकांना हे सांगण्यात गेली असतील की झिरो हे त्या बल्बचं नाव आहे, वॅट नाही. तो जुना तारेचा लाल बल्ब १२ ते १५ वॅट खातो. पूर्वीची गोल चकतीवाली मीटर इतक्या कमी लोडला नीट हलायची नाहीत, म्हणून लोकांचा समज झाला की काही लागतच नाही. १५ वॅट गुणिले २४ तास गुणिले ३६५, झाले १३१ युनिट. तुमच्या मापात दोन सिलेंडरच्या वर. तोच अर्ध्या वॅटचा एलईडी लावला तर वर्षाला चार-साडेचार युनिट. देव अंधारात राहणार नाहीत.

असंच दुसरं गुपित म्हणजे टीव्हीखालचा सेटटॉप बॉक्स. रिमोटने बंद केला की लाल टिकली दिसते, आपल्याला वाटतं झोपला. हात लावून बघा, गरम असतो. जुने बॉक्स तशा अवस्थेतही दहा वॅट सहज घेतात. भिंतीवरचं बटण बंद करा.

आणि पंखे. जुना पंखा ७५ वॅट, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. दिवसाला दहा तास, वर्षातले तीनशे दिवस धरले तर पंख्यामागे १३५ युनिट वाचतात, सव्वादोन सिलेंडर. घरात चार पंखे असतील तर नऊ. हे मी स्वतः केलंय, बिलात दिसतं. फक्त रिमोट हरवतो.

निंबोणी

@निवृत्त_सबस्टेशन काका, सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचं उत्तर: तीस वर्षं तो दुकानदार झिरो म्हणून देतोय, तो काय खोटं बोलणार? इथे मी हरले.

खमंग_थालीपीठ

माझा प्रांत स्वयंपाकघर. कुकरची शिट्टी म्हणजे अन्न शिजतंय असं नसतं, आपण पैसे देऊन तयार केलेली वाफ खिडकीतून जातेय असं असतं. पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक, पुढे दहा मिनिटं, बास. माझ्या नणंदेकडे तुरीच्या डाळीला सात शिट्ट्या होतात, खालच्या मजल्यावरचे लोक मोजतात. डाळ-तांदूळ अर्धा तास आणि छोले-राजमा रात्रभर भिजवले की निम्म्या वेळात होतं. छोट्या पातेल्याखाली मोठा बर्नर लावायचा नाही, ज्योत भांड्याच्या बाहेर आली की ती ओट्याला तापवतेय. दूध-भाजी फ्रिजमधून काढून थेट शेगडीवर नको.

आणि हे करून बघाच: भाताला उकळी येऊन पाच-सात मिनिटं झाली की झाकण घट्ट लावून पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळून डब्यात ठेवायचं, अर्ध्या-पाऊण तासाने मऊ मोकळा भात. माझी आजी लग्नाघरी हंडे असे पोत्यात बांधून ठेवायची.

मी हे सगळं करते तरी वर्षाचा फार तर दीड सिलेंडर वाचत असेल. निंबोणीच्या हिशेबात खरे सिलेंडर ८ च आहेत, ७२ पैकी. इतकी वर्षं मी तिथेच जीव काढत होते, हे आज कळलं :(

टेकसॅव्ही_ठाणे

गॅस सोडा हो. इंडक्शन घ्या. धूर नाही, ज्योत नाही, झिरो एमिशन. मी दोन वर्षं वापरतोय.

निवृत्त_सबस्टेशन

पुन्हा झिरो आलं.

साहेब, धूर तुमच्या ओट्यावर नाही, तो चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातून निघतो. गणित मांडतो. किलोभर एलपीजीत पावणेतेरा युनिट उष्णता असते. चांगली शेगडी त्यातली ६० टक्के भांड्याला देते, म्हणजे साडेसात युनिटच्या वर, आणि त्यासाठी कार्बन ३ किलो. म्हणजे भांड्यात पोचलेल्या युनिटमागे ०.४. इंडक्शन ८५ टक्के उष्णता भांड्याला देतं हे खरं, पण त्याची वीज ०.७ किलोवाली, भाग द्या, ०.८ येतात. दुप्पट.

तुमच्या छतावर सोलर असेल आणि दुपारी रांधत असाल तर गोष्ट वेगळी, मग तुम्ही जिंकलात.

टेकसॅव्ही_ठाणे

पण ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, दरवर्षी सुधारतंय ना काका, सोलर-पवनचक्क्या वाढताहेत. गॅस काही सुधारणार नाही, तो पाच वर्षांनीही तेवढाच राहणार. शिवाय आपला निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरून जहाजाने येतो. आज दुप्पट असेल, उद्या नसेल.

निवृत्त_सबस्टेशन

हे मान्य. मी आजचं बोललो.

पॉपकॉर्न_प्रमुख

एक धागा, त्यात दोन माणसं भांडली, आणि एक चक्क 'मान्य' म्हणाला. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

जुनं_ते_सोनं

तुम्हा सगळ्यांना हे आता सुचतंय. आमच्या आजीच्या काळी ना एसी ना गीझर ना गाडी. नदीवर आंघोळ, चुलीवर भाकरी, चुलीतल्या राखेने भांडी घासायची आणि तीच राख झाडाला. कार्बन हा शब्दही माहीत नव्हता. आपणच सगळं बिघडवलं.

माळावरची_बाभूळ

नदी आणि राख ठीक आहे. चुलीचं तेवढं राहू द्या.

माझी आई बारा वर्षांपूर्वीपर्यंत चुलीवर करायची. पावसाळ्यात ओली काटकी पेटत नाही, फुंकणीने फुंकून फुंकून डोळे लाल, छपराला आतून काळी लोंबणारी जळमटं, आणि आईचा खोकला दिवाळीपर्यंत जायचा नाही. सरपणाला मी आणि बहीण शाळा सुटल्यावर तीन किलोमीटर माळावर जायचो, माझं नाव तिथूनच आलंय. ओलं लाकूड नीट जळत नाही, जी काजळी निघते तीही हवा तापवतेच आणि आधी बाईच्या छातीत जाते. तुमच्या आजीला विचारलं होतं का कुणी, की तुला चूल आवडते का?

जुनं_ते_सोनं

मुद्दा पोचला ताई. माफी. आजीला खरंच दमा होता, हे आत्ता लिहिताना आठवलं.

फ्रिजवाला_मन्या

मी इथं फक्त वाचतो, लिहित नाही, पण आज राहवत नाही. निंबोणीताई, तुमच्या यादीत एसीची वीज धरलीय पण एसीतला गॅस धरला का?

मी एसी-फ्रिज रिपेअर करतो, वीस वर्षं झाली. दर एप्रिलला फोन येतो, 'कूलिंग येत नाही, गॅस भरून द्या'. लोकांना वाटतं गॅस पेट्रोलसारखा संपतो. अहो तो संपत नाही, सीलबंद पाईपात गोल गोल फिरतो, कमी झाला म्हणजे लीक आहे. फ्लेअर नटला (पाईप जोडतात तिथला नट), नाहीतर आतल्या कॉइलला. नाल्याच्या किंवा खाडीच्या कडेच्या घरांत तांब्याच्या कॉइलला बारीक भोकं पडतात. लीक न काढता वरून गॅस भरला की तो पुढच्या एप्रिलपर्यंत हवेत, पुन्हा फोन, पुन्हा भरला. भरणाऱ्याला बरंच आहे. मीही सुरुवातीला केलंय, खोटं कशाला बोलू.

हा गॅस हवेत गेला की किती वाईट ते बाहेरच्या युनिटच्या स्टिकरवरून कळतं. आर-२२ असेल तर एक किलो म्हणजे १८१० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबर. आर-४१०ए असेल तर २०८८. आर-३२ ला ६७५. आणि आर-२९० ला फक्त ३ च्या आसपास, तो म्हणजे प्रोपेन, तुमच्या सिलेंडरमधल्या गॅसचाच भाऊ. आता करा तुमच्या मापात.

निंबोणी

थांबा थांबा. २०८८ भागिले ४२ = जवळजवळ ५०???

फ्रिजवाला_मन्या

हो. किलोभर ४१०ए उडाला की पन्नास सिलेंडर. आर-२२ चे त्रेचाळीस.

उगाच_एक

आणि मी कापडी पिशवी विसरलो म्हणून भाजीवाल्याकडून टोमॅटो शर्टाच्या खिशात घालून आणले होते परवा.

निंबोणी

आत्ता गॅलरीत जाऊन टॉर्च मारून बघितलं. स्टिकर उन्हाने पांढरा पडलाय पण वाचता येतं, आर-२२. एसी २०१३ चा. आणि गेली दोन वर्षं, लागोपाठ, एप्रिलमध्ये आम्ही गॅस भरून घेतलाय. त्या माणसाने वजनकाटा आणला नव्हता, नुसतं मीटर लावून 'झालं मॅडम' म्हणाला. अर्धा किलो जरी धरला तरी दर वर्षी एकवीस सिलेंडर. आमच्या गाडीपेक्षा जास्त. वर्षभर नवऱ्याला गाडीवरून बोलत होते मी.

निंबोणीचा_नवरा

हे बोलणं परत घ्यावं अशी विनंती करण्यासाठी खास आयडी काढलाय.

पॉपकॉर्न_प्रमुख

हाहाहा. धाग्याला सोन्याचे दिवस.

खमंग_थालीपीठ

@फ्रिजवाला_मन्या, मग करायचं काय? आमच्याकडेही भरतात दरवर्षी.

फ्रिजवाला_मन्या

आधी लीक शोधायला लावायचा. सांध्यांना साबणाचा फेस लावला की बुडबुडे दिसतात. तेवढ्याने नाही सापडलं तर नायट्रोजन भरून प्रेशर ठेवून बघतात, मीटरचा काटा उतरला की लीक आहे. भोक सापडलं की ब्रेझिंग करून (धातू वितळवून भोक बुजवून), व्हॅक्युम मारून (पाईपातली हवा ओढून काढून), मग वजन करून गॅस. यात अर्धा दिवस जातो म्हणून कुणी करत नाही आणि गिऱ्हाईकही जादा पैसे देत नाही.

दुसरं, घर बदलताना एसी काढायचा असेल तर 'पंप डाउन करतोस का' एवढं विचारा. एलन कीने एक व्हॉल्व्ह बंद करून कॉम्प्रेसर थोडा वेळ चालवला की सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा होतो, मग दुसरा व्हॉल्व्ह बंद. पाच मिनिटांचं काम. नाहीतर नट सैल करून फुस्स्स करून सोडून देतात. तो आवाज ऐकलात की समजा कार्बन गेला आणि पुढच्या घरी गॅस भरायचे तुमचे पैसेही गेले.

आणि २४ वर ठेवा. २०२० पासून नवे एसी चालू केले की आपोआप २४ वरच येतात, लोक रिमोट उचलून १८ करतात आणि मग ब्लँकेट मागवतात. अंश वाढवला की सहा टक्के वीज वाचते असं सरकारचंच म्हणणं आहे.

जर्सीतली_जाई

इथून, म्हणजे न्यू जर्सीतून, लिहायला लाज वाटतेय पण लिहिते. निंबोणीचं माप लावून बघितलं. आमचा घर गरम ठेवायचा गॅस गेल्या वर्षी ८०० थर्म (इथलं गॅस मोजायचं माप). थर्मला ५.३ किलो, म्हणजे फक्त हिवाळ्याचे शंभर सिलेंडर. त्यात आम्ही दोघंच. या वर्षी थर्मोस्टॅट ७२ फॅरनहाइटवरून ६८ वर आणलाय आणि घरात स्वेटर घालतोय, सासरे भारतातून आले तेव्हा म्हणाले अमेरिकेत येऊनही कुडकुडायचंच का.

कपड्यांच्या ड्रायरला प्रत्येक लोडमागे तीनेक युनिट लागतात. बाहेर दोरी बांधायला आमच्या वसाहतीच्या नियमांत बंदी आहे, घरांची शोभा जाते म्हणे. बेसमेंटमध्ये दोरी बांधलीये आणि उन्हात वाळलेल्या चादरीचा वास आठवत बसते. तुमच्या गॅलरीतल्या दोऱ्या जपा.

आणि विमान. मुंबईला जाऊन येऊन माणशी दोन टनांच्या आसपास, म्हणजे ४८ सिलेंडर. दोघांचे ९६. आई-बाबा पंच्याहत्तरीचे आहेत, तेव्हा हे मी कमी करणार नाहीये. फक्त आता दोनदा पंधरा दिवस येण्याऐवजी एकदाच पाच आठवडे येते, तिथून काम करते. आईला हेच जास्त आवडलं.

कोकणी_काजू

जाई, आईला भेटायला येण्याचा हिशेब कुणी मागू नये आणि तूही मांडू नकोस. मी तर मुंबईहून गोव्याला विमानाने जाणाऱ्या मित्रांना बोलतो. कोकण रेल्वे २०२२ मध्ये पूर्ण विजेवर आली, रात्री बसा, सकाळी उतरा, वाटेत भजी. रिझर्वेशन मिळत नाही हा वेगळा विषय, गणपतीत तर नावच काढू नका.

पचका_वडा

मी शाकाहारी असल्यामुळे माझं सगळं आधीच कमी आहे. मटण खाणाऱ्यांनी विचार करावा.

माळावरची_बाभूळ

दूध किती घेता रोज?

पचका_वडा

एक लिटर. शिवाय दही-पनीर वेगळं. का?

माळावरची_बाभूळ

शेळी रवंथ करते तशी म्हैसही करते. दोघींच्या पोटातून मिथेन निघतो आणि तो शंभर वर्षांचा हिशेब धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो. मटणाचं खरंच जास्त आहे, तुम्ही चूक नाही. पण दुधाचंही लिटरमागे दोन-तीन किलोच्या घरात जातं. कमीतला कमी दोन धरला तरी रोजच्या एका लिटरचे वर्षाला सतरा सिलेंडर. आमची म्हैस हे वाचत नाही म्हणून बरं. महिन्यातून दोनदा कोंबडी खाणारा माणूस तुमच्या पनीर-तुपापेक्षा हलका पडेल.

पचका_वडा

आयडी सार्थ झाला.

उगाच_एक

चहाला हात लावायचा नाही. बाकी सगळं घ्या. गाडी घ्या, एसी घ्या.

खमंग_थालीपीठ

दूध बंद करायला कुणी सांगत नाहीये पण नासवू तर नका. मी एक आठवडा मोजलं होतं, आमच्याकडे दोन वाट्या आमटी, अर्धा ब्रेड आणि कोथिंबिरीची अख्खी जुडी फेकली गेली. ते पिकवायला-शिजवायला लागलेलं सगळं वाया आणि वर कचऱ्याच्या डोंगरात दाबलं गेलं की हवा न मिळता कुजून पुन्हा मिथेन. आता गॅलरीत कुंडीत खत करते. पहिल्या महिन्यात पांढऱ्या अळ्या झाल्या, सासूबाईंनी तुळस आत नेली. ओला कचरा जास्त आणि कोरडं कमी पडत होतं. वाळकी पानं आणि कोकोपीट वाढवलं, वर थोडं आंबट ताक शिंपडलं, वास गेला. तुळस परत आली.

अवांतर: पुण्याच्या आरती संस्थेचं खरकट्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र कुणी वापरलंय का? डॉ. आनंद कर्वे यांच्या त्या कामाला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला होता. शेणाऐवजी उष्टं-खरकटं घालायचं, गॅस स्वयंपाकाला.

कोकणी_काजू

मामाकडे आहे, गच्चीवर. दोन टाक्या, एकात एक उलटी. रोजचा दोन वेळचा चहा आणि थोडी भाजी होते. शिळा भात घातला की टाकी टुणकन वर येते, लिंबाची सालं जास्त झाली की रुसते. मामी म्हणते हे दुसरं जनावर पाळलंय, वेळेवर खायला घालावं लागतं.

सिस्टीम_बदला

सगळं गोड आहे पण हे व्यक्तीवर ढकलणं मला पटत नाही. औष्णिक केंद्रं, सिमेंट, स्टील, तिकडे बघा. एक भारतीय सरासरी वर्षाला दोन टन, अमेरिकन चौदा-पंधरा. आणि आपण बसलोय देवघरातला बल्ब मोजत. तुम्ही बल्ब बदलला तर काय होणार?

चेअरमन_नको_रे_बाबा

@सिस्टीम_बदला, अर्धं पटलं. पण तुमच्या आणि औष्णिक केंद्राच्या मधे एक गोष्ट असते तिचं नाव सोसायटी.

आमची ४० फ्लॅटची. पाण्याचा पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे, सगळं कॉमन मीटरवर. गच्चीवर १० किलोवॅटचं सोलर बसवायचं ठरवायला आम्हाला तीन सर्वसाधारण सभा लागल्या. पहिल्या सभेत पार्किंगवरून मारामारी होता होता राहिली, सोलर अजेंड्यात नवव्या नंबरला होतं. दुसरीत प्रश्न आला की पापड कुठे वाळवायचे. हसू नका, तासभर चर्चा झाली. पॅनेल सात फुटांवर उचलून बसवले तर खाली सावली मिळेल, पण पापडाला ऊन हवं, सावली नको. शेवटी दक्षिणेकडचा कोपरा पापड-कुरडयांसाठी राखीव, असा ठराव आहे, सूचक-अनुमोदकासह. तिसऱ्या सभेत पास.

रोज सरासरी चाळीस युनिट पडतात, पावसाळ्यात कमी. वर्षाचे साडेचौदा हजार, निंबोणीच्या मापात २४० सिलेंडर. सोसायट्यांना कॉमन वापरासाठी पीएम सूर्यघर योजनेत किलोवॅटमागे १८ हजार मिळतात. स्वतंत्र घराला २ किलोवॅटपर्यंत तीस-तीस हजार, आणि ३ किंवा त्याहून जास्त असेल तर एकूण ७८ हजार. जागा किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट. नेट मीटर (आपली जादा वीज बिलातून वळती करणारं) यायला वेळ लागला, तो धीर धरावा लागतो. पॅनेल महिन्यातून दोनदा पुसायला लागतात, कबुतरं.

सिस्टीम_बदला

हे चालेल. माझा आक्षेप स्ट्रॉला होता, सोलरला नाही. आमच्या सोसायटीत मी मांडतो, पण आमच्याकडे पापडवाल्या जास्त आहेत.

उसातला_माणूस

शहरातलं वाचून झालं, आता आमचं ऐका. ऊस तुटल्यावर शेतात एकरी तीन-चार टन पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, पडतं. काडी लावली की तासाभरात साफ, म्हणून सगळे लावतात. मीही सात-आठ वर्षांपूर्वीपर्यंत लावायचो, संध्याकाळी अख्खं शिवार लाल दिसायचं आणि बांधावरची दोन आंब्याची झाडं एकदा त्यात होरपळली. तिथून बंद केलं. आता पाचट सरीत दाबतो, वरून थोडं युरिया-सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकतो. खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून येणाऱ्या पुढच्या पिकाला) पाण्याची एखाद-दुसरी पाळी वाचते, तण कमी येतं. तोटा पण सांगतो, पहिल्या वर्षी उंदीर झाले आणि शेजारी म्हणाला तुझं रान घाण दिसतंय.

दुसरं म्हणजे युरिया. पोती फेकायची आणि पाटाने पाणी सोडायचं, त्यातला बराच पिकाला न मिळता उडून जातो आणि त्यातून जो नायट्रस ऑक्साइड निघतो तो कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट. ठिबकमधून थोडा थोडा दिला की निम्म्यावर आला माझा. हे मी पृथ्वीसाठी केलं म्हणालो तर खोटं होईल, खत महाग झालं म्हणून केलं.

निवृत्त_सबस्टेशन

या धाग्यावरची सगळ्यात मोठी बचत तुमची आहे भाऊ. आम्ही बल्ब मोजतोय.

टेकसॅव्ही_ठाणे

गाड्यांचं कुणी बोललंच नाही. माझी इलेक्ट्रिक स्कूटर युनिटला तीसेक किलोमीटर जाते, म्हणजे आजच्या कोळशाच्या विजेवरही किलोमीटरला २३-२५ ग्रॅम. पेट्रोलची ४५ चं ॲव्हरेज देणारी ५० ग्रॅमच्या वर. काका, इथे तरी मी जिंकलो?

निवृत्त_सबस्टेशन

जिंकलात. बसमध्ये उभा राहिलेला माणूस तुम्हा दोघांनाही हरवतो, पण जिंकलात.

निंबोणी

महिनाभराने धागा वर काढतेय, हिशेब द्यायला.

एसी: मन्याभाऊंनी सांगितलं तसं 'आधी लीक शोधा, मग गॅस' म्हटल्यावर नेहमीच्या माणसाने फोन ठेवला. दुसरा मिळाला. फेस लावला तर बाहेरच्या नटलाच बुडबुडे, बारीक, एकामागून एक, साबणाच्या पाण्यात मुलं फुंकतात तसे. आम्ही सगळे स्टुलावर चढून बघून आलो, सासूबाईसुद्धा. नट नवीन, फ्लेअर नव्याने केला, व्हॅक्युम मारला, काट्यावर तोलून गॅस भरला, ६०० ग्रॅम. एसी जुना आहे, पुढे बदलू तेव्हा आर-२९० वाला बघणार.

पंखे: दोन बदलले, दोन दिवाळीला. रिमोट एक हरवला (काका!).

गाडी: लेकीचा क्लास दोन किलोमीटरवर आहे, तिला सायकल दिली. पावसात गाडीच, तिथे मी मोडले.

दूध: चर्चेला आणलं. घरच्यांनी एकमुखाने फेटाळलं. पाव लिटर कमी केलं ते अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही, कृपया इथे आयडी काढलेल्या गृहस्थांनी घरी बोलू नये.

निंबोणीचा_नवरा

तरीच म्हटलं चहा पातळ का.

निवृत्त_सबस्टेशन

आणि देवघरातला बल्ब?

निंबोणी

एलईडी आणला तर तो पांढरा निघाला, सासूबाई म्हणाल्या देव दवाखान्यात बसल्यासारखे दिसतात. परत केला. मग लाल आणला, अर्ध्या वॅटचा. त्यांनी दोन दिवस बघितला, काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुकानदाराकडे गेल्या आणि जुना बल्ब त्याच्या काउंटरवर ठेवून विचारून आल्या, झिरो का म्हणतोस रे याला?

पॉपकॉर्न_प्रमुख

काय म्हणाला तो?

निंबोणी

'मावशी, कंपनीकडून नावच तसं येतं.' आता किराणा दुसऱ्या दुकानातून आणतो आम्ही.